वरच्या मजल्यावर दुसरा राऊटर: वायफाय पूर्ण, नेट गायब (मदत हवी)

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

घर देवरुखजवळ. खालचा भाग जुना, जांभ्याच्या चिऱ्यांचा, भिंती दीड-दीड फुटी. वर नंतर चढवलेली स्लॅबची खोली, तिथं माझं घरून काम चालतं. फायबरचा डबा (ओएनटी, म्हणजे फायबरची लाइन जिथं जोडतात ते यंत्र, आणि राऊटर एकातच) खाली ओटीवर आहे. त्याचं वायफाय वर पोचत नाही, म्हणून खालून केबल ओढून वर दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे केबलने आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवणारा) म्हणून लावला. खालच्या वायफायचं नाव 'ओटी', वरच्याचं 'माडी'.

चालतं तेव्हा झकास चालतं. पण मधूनच लॅपटॉपवर 'कनेक्टेड, इंटरनेट नाही' असं येतं. काड्या सगळ्या भरलेल्या. बायकोच्या फोनलाही तेच. बाबांचा फोन मात्र व्यवस्थित. सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे खालचा टीव्हीही कधी कधी बंद पडतो. तो तर 'ओटी'वर आहे, वरच्या राऊटरशी त्याचा संबंधच नाही! दोन्ही डबे बंद-चालू केले की ठीक होतं, किंवा नाद सोडून दिला तर दीड-दोन तासांनी आपोआपच चालू होतं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर 'सर, लाइन क्लिअर दिसतेय, प्लॅन वाढवून घ्या' यापुढे गाडी जात नाही.

पाटीवरचा_पुणेकर

दुसरा राऊटर भंगारात द्या आणि मेशचा (एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणाऱ्या) तीन डब्यांचा सेट घ्या. आयुष्य कमी आहे.

हडसनकाठी

चिरेबंदी, तुमचं घर डोळ्यांसमोर आलं. आम्ही इकडे न्यू जर्सीत लाकडी सांगाड्याच्या आणि जिप्समच्या पातळ भिंतींच्या घरात राहतो, एका राऊटरमध्ये तळघर ते माळा सगळं उरकतं. सुट्टीत राजापूरला गेलो की तोच फोन ओटीवरून माजघरात गेला की मान टाकतो. पावसाळ्यात चिऱ्यांनी ओल धरली की आणखीनच. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय तर एका भिंतीपलीकडे जात नाही. तेव्हा मेशचे डबे बिनतारी जोडायचे असतील तर जांभ्याच्या घरात पैसे वाया जातील. तुम्ही केबल ओढलीत तेच उत्तम.

तांब्याची_तार

मेश, प्लॅन, भिंती सगळं बाजूला ठेवा. काड्या भरलेल्या आहेत म्हणजे सिग्नलचा प्रश्न नाही. आणि 'ओटी'वरचा टीव्ही बंद पडतो म्हणजे भानगड वायफायच्या वरच्या, नेटवर्कच्या थरात आहे. मी ठाण्यात हेच काम करतो, रोज एक तरी अशी केस येते.

आधी एवढं सांगा. खालून आलेली केबल वरच्या राऊटरच्या कुठल्या भोकात आहे, वॅन (बाहेरून नेट घेण्याचं) की लॅन (घरातली यंत्रं जोडण्याचं)? वरच्या राऊटरचा स्वतःचा पत्ता काय? त्याच्या डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटण्याच्या) पानावर काय लिहिलंय? आणि बिघडलेलं असतानाच (चालू असताना नव्हे) लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरपी रेघ, ऑल असं टाका आणि आयपी, डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर या तीन ओळी इथं लिहा. तोवर काहीही रीस्टार्ट करू नका. रीस्टार्ट केलं की पुरावा जातो.

नागपुरी_संत्रं

माझ्याकडे वॅनमध्येच लावलंय, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. उगाच एपी मोड वगैरे कशाला?

तांब्याची_तार

नागपुरी, चालतं, नाही कोण म्हणतं. वॅनमध्ये लावलं की वरचा राऊटर आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो, दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. नुसतं ब्राउझिंग आणि व्हिडिओ असेल तर कळणारही नाही. पण वरच्या खोलीतल्या फोनवरून खालच्या टीव्हीवर कास्ट करून बघा, टीव्ही यादीतच येणार नाही. एकमेकांना शोधण्याच्या हाका राऊटर ओलांडून पलीकडे जात नाहीत. प्रिंटर खाली आणि लॅपटॉप वर असेल तरी तीच कथा. एक घर, एक नेटवर्क ठेवायचं असेल तर पत्ते वाटणारा एकच हवा.

एक मात्र खरं, दोन्ही राऊटरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि तुम्ही वॅनमध्ये लावलंत तर गोंधळ उडतो, कारण दोन्ही बाजूंना एकच पत्त्यांची रांग होते. काही राऊटर ते ओळखून आपला पत्ता स्वतःच बदलतात, काही नाही.

चिरेबंदी

तारभाऊ, आज दुपारी पुन्हा गेलं आणि लगेच बघितलं.

केबल लॅनच्या भोकात. वरच्या राऊटरचा पत्ता मी हाताने १९२.१६८.१.२ दिलाय, खालच्याचा १९२.१६८.१.१. बिघडलेलं असताना लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.१.१०५. म्हणजे पत्ता तर बरोबर मिळतोय! त्यामुळे डीएचसीपीचा प्रश्न नसावा असं वाटतं. गेटवे १९२.१६८.१.२. डीएचसीपी सर्व्हरही १९२.१६८.१.२.

वरच्या राऊटरच्या डीएचसीपीच्या पानावर तीन पर्याय आहेत, ऑटो, चालू आणि बंद. 'ऑटो' निवडलेलं आहे, एपी मोड लावल्यावर ते तसंच आलं होतं. लीजची (मिळालेला पत्ता वापरण्याची) मुदत १२० मिनिटं.

तांब्याची_तार

सापडला.

गेटवेचा शेवटचा आकडा बघा. पत्ता बरोबर रांगेतला आहे, पण 'बाहेर जायचं असेल तर कुणाकडे जा' याचं उत्तर .१ हवं, ते .२ आहे. लॅपटॉप आपली सगळी पाकिटं वरच्या राऊटरला नेऊन देतोय आणि त्या बिचाऱ्याच्या वॅनच्या भोकात काहीच नाही. वायफाय पूर्ण, नेट गायब.

कारण त्या 'ऑटो'त आहे. काही राऊटरांत ही सोय असते: नेटवर्कवर दुसरा कुणी पत्ते वाटत असेल तर हा गप्प बसतो, कुणी दिसला नाही तर स्वतःच वाटायला लागतो. आता प्रश्न असा की खालचा डबा मधूनच 'दिसेनासा' का होतो. वरचा राऊटर इन्व्हर्टरवर आहे का? आणि खालचा?

चिरेबंदी

अरेच्चा! वरची खोली पूर्ण इन्व्हर्टरवर आहे, कामाचं टेबल तिथं आहे म्हणून. ओटीवर इन्व्हर्टरचा फक्त दिवा आणि पंखा, प्लगला नाही. फायबरचा डबा थेट मेनवर. आणि हो, दुपारी लाईट गेली होती, अर्ध्या तासाने आली. लाईटचा आणि याचा संबंध लावायचा सुचलंच नव्हतं, कारण लाईट आल्यानंतरही नेट बंदच असतं.

तांब्याची_तार

मग चित्र पूर्ण झालं. लाईट गेली, खालचा डबा मेला. वरचा जिवंत. त्याने इकडेतिकडे बघितलं, पत्ते वाटणारा कुणी नाही, म्हणून स्वतः दुकान उघडलं. 'ओटी' बंद पडल्यामुळे ज्या फोनांना दोन्ही नावं माहीत आहेत ते 'माडी'वर सरकले आणि .२ हा गेटवे घेऊन बसले. लॅपटॉप झाकण उघडल्यावर नव्याने विचारतो, त्यालाही तेच मिळालं. बाबांच्या फोनात 'माडी'चा पासवर्डच घातलेला नसणार, म्हणून ते सुटले. विचारून बघा.

लाईट आल्यावर खालचा डबा उठायला वेळ घेतो. टीव्ही त्याच सुमारास उठतो आणि 'मला पत्ता द्या' अशी हाक सगळ्या नेटवर्कभर मारतो. ही हाक केबलमधून वरही जाते, टीव्ही 'ओटी'वर असला तरी. वरचा राऊटर आधीपासून तयारच बसलेला, तो आधी उत्तर देतो. बहुतेक उपकरणं पहिलं उत्तर पकडतात. एकाच दवाखान्यात दोन कंपाउंडर नंबर वाटायला बसले आणि त्यातल्या एकाच्या नंबराला डॉक्टर आतच घेत नाही, असा प्रकार.

तुमच्या 'दीड-दोन तासांनी आपोआप'चंही उत्तर यातच आहे. लीज १२० मिनिटांचं. निम्मी मुदत झाली, म्हणजे ६० मिनिटं, की उपकरण ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट विचारतं, 'वाढवून देता का?' तोवर वरचा राऊटर खालच्याला ओळखून पुन्हा गप्प झालेला, उत्तर नाही. मग मुदतीच्या साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर, म्हणजे १०५ मिनिटांनी, ते उपकरण जो कुणी ऐकेल त्याला विचारतं. खालचा डबा तेव्हा तरी दाद देतो, नाहीतर १२० मिनिटांनी मुदत संपून सगळं पहिल्यापासून सुरू होतं. काहीही झालं तरी पावणेदोन ते दोन तासांत गेटवे .१ होतो. हेल्पलाइनचा माणूस बघतो तेव्हा लाइन खरोखरच क्लिअर असते, कारण फायबरला काही झालेलंच नसतं.

उपाय: 'ऑटो' काढून 'बंद' करा. सेव्ह केल्यावर पान पुन्हा उघडून बंदच राहिलंय ना बघा. खालच्या राऊटरची वाटपाची रांग .१०० ते .१९९ अशी ठेवा, म्हणजे .२ दुसऱ्या कुणाला जाणार नाही. दोन्ही राऊटरांतले फर्मवेअर अपडेट नंतर कधीतरी, एका वेळी एकच गोष्ट बदला.

पाटीवरचा_पुणेकर

मेशचा सल्ला मागे. पण 'ऑटो' नावाचं बटण बनवणाऱ्याला लाईट जाणं हा प्रकार ठाऊक नसावा.

तांब्याची_तार

पुणेकर, बटण चुकीचं नाही. जिथं पत्ते वाटणारा दुसरा कुणी नसतो तिथं ते उपयोगी पडतं. इथं नको आहे एवढंच.

नाशिकचे_आजोबा

टेलिफोन खात्यात हयात गेली, म्हणून चार शब्द. चिरेबंदी, ओटीवरच्या डब्याला बॅकअप द्याच. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजमधून विजेचा पुरवठा यायचा, फोन घरातली लाईट गेली तरी चालायचा. फायबरमध्ये वीज येत नाही, तुमचा डबा तुम्हालाच जगवावा लागतो. पण मधे रस्त्यात जे स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारे) असतात ते निष्क्रिय असतात, त्यांना वीज लागतच नाही. त्यामुळे तुमच्या डब्याला आणि पलीकडच्या केंद्राला वीज असेल तर मधल्या गावाची लाईट गेली तरी नेट चालतं. राऊटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. घेताना डब्याच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण नऊचेही निघतात. बारावाला नऊवर लावू नका.

चिरेबंदी

मंडळी, डीएचसीपी बंद केलं. मग मुद्दाम खालच्या डब्याचा प्लग काढून बसलो. 'माडी'वर कुणालाच पत्ता मिळेना, लॅपटॉपने १६९.२५४ ने सुरू होणारा कसला तरी पत्ता घेतला. प्लग परत लावला आणि दोन-तीन मिनिटांत सगळं आपसूक जागेवर. टीव्हीसुद्धा. बाबांना विचारलं, 'माडी'चा पासवर्ड त्यांनी कधी घातलेलाच नाही. तारभाऊ, नमस्कार तुम्हाला!

तो १६९वाला पत्ता काय प्रकार?

आणि हात धुऊन घ्यायचाच तर अजून एक. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. खाली पाच गिगावर १९०च्या आसपास मिळतात. वर राऊटरला टेकून बसलं तरी ९३-९४च्या पुढे काटा जात नाही. राऊटरची चारही भोकं गिगाबिट आहेत, खोक्यावर तसं छापलंय.

तांब्याची_तार

१६९.२५४ म्हणजे 'मागितला, कुणी दिला नाही, मग माझा मीच ठरवला'. तो दिसणं आता शुभलक्षण समजा, वरचा राऊटर खरंच गप्प झालाय.

९४चा आकडा बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमधून पाकिटांचं वेष्टण वजा जाता साधारण एवढंच हाती लागतं. वायफाय कमजोर असतं तर आकडा वरखाली नाचला असता, तो असा भिंतीला टेकल्यासारखा थांबतो म्हणजे केबलची जोडणी १००वर झालीय. आजोबा, हे तुमचं क्षेत्र.

नाशिकचे_आजोबा

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार पेअर. १००ला दोनच पेअर लागतात, कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ या पिना. गिगाबिटला चारही लागतात. एक पेअर जरी तुटली किंवा नीट दाबली गेली नाही तरी दोन्ही बाजूंची यंत्रं मुकाट १००वर उतरतात. दिवा लागतो, नेट चालतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

चिरेबंदी, दोन्ही टोकांचे कनेक्टर उजेडात धरून पारदर्शक प्लास्टिकमधून बघा, आठही तारा पुढच्या टोकापर्यंत गेल्यात का. तारेचा रंगही खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, असली केबल लांब पल्ल्याला घेऊ नये.

चिरेबंदी

काका, उघडून बघितलं आणि हसावं की रडावं कळेना. वरच्या कनेक्टरमध्ये चारच तारा आहेत. उरलेल्या चार मागे वळवून टेपने गुंडाळल्यात आणि त्यातून दोन-दोन तारा एकत्र पिळून जिन्यावरच्या कॅमेऱ्याकडे गेल्यात! खालच्या टोकाला त्याच तारांना कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर जोडलाय. वायरमनने एका केबलमध्ये दोन कामं उरकलीत.

नाशिकचे_आजोबा

थांबा, आत्ता काही दाबू नका! आधी तो अॅडॉप्टर प्लगमधून काढा, दोन्ही टोकांना पिळलेल्या तारा सोडवा आणि मगच क्रिम्पिंग (तारांवर कनेक्टर दाबून बसवणं). निळ्या आणि चॉकलेटी पेअरवर १२ व्होल्ट असताना त्या कनेक्टरमध्ये गेल्या तर राऊटरचं पोर्ट उडू शकतं. कॅमेऱ्याला जिन्यातच वेगळा प्लग घ्या.

मग दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी. कनेक्टरची खिट्टी खालच्या बाजूला, पिना वर आणि तारांची टोकं समोरच्या दिशेला धरून डावीकडून मोजायचं. पेअरची पिळ फार उलगडायची नाही, अर्धा इंच पुरे. वायरमनला म्हणावं टेस्टर लावून आठही दिवे दाखव, मगच पैसे.

हडसनकाठी

अवांतर: आजोबांच्या या क्रमाला इकडचे लोक बी म्हणतात, हिरव्या-नारिंगीची अदलाबदल केली की ए. कुठलाही चालतो, फक्त दोन्ही टोकांना एकच हवा.

चिरेबंदी

वायरमन येऊन गेला. 'एवढी वर्षं कुणी तक्रार केली नाही' म्हणाला, पण काम नीट केलं. वर आता १८५ ते १९० मिळतायत. कॅमेऱ्याला वेगळा प्लग. ओटीवरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मागवलाय.

शेवटचा एक बारीक त्रास. फोन घेऊन ओटीवरून वर आलो तरी तो 'ओटी'लाच एका काडीवर लोंबकळत राहतो. दोन्हींचं नाव एकच ठेवलं तर सुटेल का?

तांब्याची_तार

बरंचसं. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही तंतोतंत सारखे ठेवा. मात्र कुठल्या राऊटरला धरायचं हे शेवटी फोनच ठरवतो, राऊटर फार तर सुचवू शकतो, तेही दोघांना तशी सोय असेल तर. म्हणून खालच्या राऊटरची २.४ गिगाची ताकद एक पायरी उतरवा, मग फोन लवकर सोडेल. २.४वर खाली चॅनेल १ आणि वर ११, रुंदी २०. पाच गिगावर खाली ३६ आणि वर १४९ ठेवा.

वाचनमात्र

आयडी घेऊन बरेच दिवस झाले, आज पहिल्यांदा लिहितो. फोंड्याजवळ आमचं घर आणि बागायतीतलं आऊटहाऊस यात साधारण ६० मीटर अंतर आहे. चिरेबंदींसारखीच केबल नेऊन तिथं जुना राऊटर एपी म्हणून लावायचा विचार आहे. केबल माडांवरून न्यावी की जमिनीतून?

नाशिकचे_आजोबा

अंतर बसतं, इथरनेटची मर्यादा १०० मीटर. पण उघड्यावरून दोन इमारतींमध्ये तांबं नेऊ नका, तेही माडांवरून तर मुळीच नको. तुमच्याकडे वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्या तारेत झटका उतरतो आणि दोन्हीकडचे डबे एकदम जातात. मधल्या टप्प्यात फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि इथरनेट जोडणारे डबे) लावा. काचेतून विजेचा झटका जात नाही. फायबर एचडीपीई पाइपात घालून जमिनीतून न्या, पाइप एक माप मोठा घ्या आणि आत दोरी टाकून ठेवा, पुढे दुसरी केबल ओढायला उपयोगी पडते. केबलच्या आत आधाराला धातूची तार नसलेलीच मागा.

वाचनमात्र

धन्यवाद काका. आणि एपीवर डीएचसीपी 'बंद', 'ऑटो' नव्हे, हे लिहून घेतलं.

तांब्याची_तार

आऊटहाऊसला वेगळा इन्व्हर्टर असेल तर दोनदा लिहून घ्या.